सातवी फीत

हात जोडावेत अशी माणसे पूजेच्या जागीच भेटतात असे नाही. काही टेबलापाशी उभी असतात. त्यांच्या हातात जपमाळ नसते, कापड असते. आणि ओठ हलत असतात ते मोजण्यासाठी. मोजणे हेच ज्यांचे नाम आणि बिनचूक काम हीच ज्यांची प्रार्थना, अशांपैकी एका बाईची ही कथा. मन लावून ऐकावी, कारण ती तुमच्याआमच्या डोळ्यांचीही कथा आहे.

तिचे खरे नाव पगारपत्रकाला ठाऊक. बाकी सगळे तिला घडीमावशी म्हणत. विमानातून उडी घेणारा माणूस ज्या छत्रीच्या भरवशावर रिकाम्या आकाशात पाऊल टाकतो, त्या छत्रीची घडी घालून ती पाठपिशवीत बसवायची, हे तिचे काम. उड्या शिकवणाऱ्या एका शाळेच्या आवारात लांबलचक खोली होती. खोलीत चार लांब टेबले, आणि एका टोकाला उंच मनोरा, जिथे ओल्या छत्र्या छतापासून लोंबत वाळत. दार उघडले की वाऱ्याने सगळ्या एकदम सळसळत. मावशी आत शिरताना म्हणे, "थांबा गं बायांनो, येतेय." सव्वीस वर्षे तिने हे म्हटले आणि सव्वीस वर्षे त्या थांबल्या.

तिच्या हातात अंगठी नव्हती, नखे मुळापर्यंत कापलेली. तळव्याला साधा चरा पडला तरी ती त्या दिवशी घडीला हात लावीत नसे. धागा अडकेल म्हणून. कापडाच्या चोवीस पाकळ्या एकेक उलटायच्या, वाळूच्या पिशव्यांनी दाबायच्या, दोऱ्या बोटांमधून ओढून सरळ आहेत ना ते पाहायचे. घडी निसटू नये म्हणून सात ठिकाणी लाल फिती बांधायच्या, सातवी थेट छत्रीच्या तोंडाला. आणि पिशवीत भरताना त्या सातही सोडून भिंतीवरच्या सात खिळ्यांना लटकवायच्या. सातवी आत राहिली तर छत्रीचे तोंड बांधलेलेच राहते, आणि तोंड बांधलेली छत्री म्हणजे नुसते गाठोडे.

म्हणून तिथला नियम असा, की पिशवी मिटण्यापूर्वी घडीवाल्याने खिळ्यांकडे पाहून मोठ्याने म्हणायचे, "सात!" शेजारच्या टेबलावरच्याने मान वळवून, स्वतः मोजून उत्तर द्यायचे, "सात पाहिल्या!" मग कार्डावर सही. आणि वर्षातून एकदा, प्रत्येक घडीवाल्याने आपल्याच हातची एक छत्री पाठीवर घेऊन उडी मारायची.

उडी घेणाऱ्याच्या पोटावर एक राखीव छत्री असते. कोणी नवा घडीवाला तिचा हवाला देऊन हसला, की मावशी ठणकावी, "पोटावरची देवाची, पाठीवरची आपली. आपलं काम देवाच्या अंगावर ढकलायचं नाही!"

अशी ही बाई. आणि तिच्या घरी जुळे जन्मले.

लेकीचे बाळंतपण अवघड गेले होते. जावई बोटीवर नोकरीला, तीन महिने परतायचा नाही. अंगात त्राण नसलेल्या लेकीला डॉक्टरांनी बजावले, रात्रीची झोप मोडायची नाही. मावशीने पदर खोचला. "दिवसा ती बघेल, रात्री मी. झोपेचं काय, मेल्यावर आहेच की!"

आजोबा, म्हणजे मावशीचे यजमान, वजनकाटे तपासून त्यांवर शिक्का मारणारे सरकारी तपासनीस. तोलूनमापून बोलणारे. त्यांनी नातवंडांची नावे ठेवली: पहिली पाळी आणि दुसरी पाळी.

"अहो, बाळांना काय कारखाना समजता?"

"मी नाही, तेच समजतात. पहिली पाळी झोपली की दुसरी हजर. मधे भोंगा तेवढा तुझ्या कानाशी."

भोंगा वाजत राहिला. एक, दोन, पाच रात्री. मावशीला सलग तासाभराची झोप मिळाली तरी ती सोहळा मानी. पण आजीपणाचा आनंदच असा की थकवा सांगायलाही लाज वाटावी. सकाळी दोन कप चहा पिणारी मावशी सातवर गेली. पहिले काही दिवस टेबलाशी डोळे जड व्हायचे. तेव्हा ती स्वतःलाच दरडावी आणि प्रत्येक फीत दोनदा, तीनदा मोजी. मनही ताळ्यावर नसे. एकदा चमचा चुकीच्या खणात ठेवला म्हणून ती यजमानांवर अशी कडाडली की त्यांनी चमच्याचीच क्षमा मागितली. आणि पाच मिनिटांनी त्याच चमच्याकडे बघून तिला हुंदका फुटला.

मग हळूहळू जडपणा गेला. "सवय झाली," ती म्हणाली. एका बुधवारी तर कमालच. आदल्या रात्री दोन्ही पाळ्यांचे पोट दुखत होते. मावशीने डोळ्याला डोळा लावला नव्हता. आणि कामावर आली ती फुलासारखी हलकी! भांडारातल्या काकांची तिने नक्कल केली, शेजारच्या टेबलावरच्या टकलूला हसवून हसवून टेबलाला धरायला लावले, आणि रोजच्या चार छत्र्यांऐवजी त्या दिवशी सहा घातल्या. सही करताना हात सळसळत होता. यजमानांना म्हणाली, "माझ्यात अजून दहा वर्षांचं काम आहे बघा."

त्या बुधवारनंतर आठ दिवसांनी, गुरुवारी जेवणाच्या सुटीत, भांडारकाका रजिस्टर घेऊन आले. हा माणूस खिळाही पावतीशिवाय देत नसे. फितीला मात्र पावती नव्हती.

"मावशी, ती तुमची घरी गेलेली फीत आणा की परत. उद्या वार्षिक मोजणी आहे. एक कमी भरतेय."

"कुठली फीत?"

"विसरलात? खिळा रिकामा दिसला तेव्हा तुम्हीच आलात. म्हणालात, काका, सातवी माझ्या खिशातून घरी गेली, एक नवी द्या. मी दिली."

"हां हां! पाळण्यावर घुंगरू बांधायला नेली होती. संध्याकाळी शोधते."

पण तिला संध्याकाळपर्यंत दम निघाला नाही. घर हाकेच्या अंतरावर. ती तशीच निघाली. लेक एका बाळाला खांद्यावर थोपटत होती. दुसरे होते वन्संच्या मांडीवर. वन्सं म्हणजे यजमानांची धाकटी बहीण, वीस वर्षे रात्रपाळी केलेली नर्स, बाळांचे वजन करायला आलेली.

"अगं, ती लाल फीत कुठंय? घुंगरू बांधलेली?"

लेकीने पाळण्याकडे बोट केले. घुंगरू होते, पण पांढऱ्या नाडीला.

"आई, फीत तू आणलीच नाहीस. 'आणते, आणते' म्हणालीस चारदा. शेवटी बाबांनी पायजम्याची नाडी बांधली."

"आणली मी. खिशात घातलेली मला आठवतेय."

"आणणार होतीस. आणली नाहीस."

श्रोतेहो, बाईच्या पायाखालची जमीन कशी सरकते ते त्या क्षणी पाहावे. मनात ठरवलेली गोष्ट तिच्या थकलेल्या मेंदूने केलेल्या गोष्टींच्या खणात टाकली होती. चमच्यासारखी, चुकीच्या खणात. खिशातून फीत घरी गेलीच नव्हती. मग सातवी फीत होती कुठे? एखाद्या छत्रीच्या तोंडाला, मिटलेल्या पिशवीत, तिच्या सहीखाली.

"वन्सं," ती म्हणाली, "उद्या सकाळी अठरा नवी पोरं पहिली उडी घेणार आहेत. माझ्या हातच्या छत्र्या आहेत त्यांत."

वन्संनी बाळ पाळण्यात ठेवले, मावशीच्या डोळ्यांकडे एकदा पाहिले आणि चपला घातल्या. "चल. तू एकटी नाही जायचीस."

शाळेचे साहेब जुने उडीवाले होते, एका पायाने जरा लंगडणारे. मावशीने घडीच्या खोलीतच त्यांना उभ्याउभ्या सगळे सांगितले. काही लपवले नाही, काही सौम्य केले नाही. साहेबांचा चेहरा उतरला, पण आवाज नाही.

"बाळं आल्यापासून तुमच्या किती पिशव्या झाल्या?"

"अठ्ठावन्न. एकही वापरात गेलेली नाही, कपाटातच आहेत. कार्डं पाहा."

भांडारकाकांना बोलावले. फीत कधी दिली, ते त्यांना सांगता येईना. "झाले असतील आठ-दहा दिवस. लिहिलं नाही, साहेब."

साहेब म्हणाले, "एक पिशवी उघडून नीट तपासून पुन्हा घालायची तर तासाहून जास्त. सगळ्या कशा होणार? मावशी, ज्या दिवशी तुम्ही पेंगत होतात ते दिवस सांगा. तेवढ्याच उघडू."

मावशीने बोटांवर दिवस मोजले. "पहिला सोमवार. मंगळवार. तो शुक्रवार, चमच्याचा..."

"थांब, वहिनी," वन्सं मध्येच म्हणाल्या. "साहेब, माफ करा, मी बाहेरची. पण तुम्ही चुकीचे दिवस विचारताय."

"म्हणजे?"

वन्संनी खुर्ची ओढली. आणि वीस वर्षांच्या रात्रपाळीने जे शिकवले ते चार वाक्यांत मांडावे तशा बोलू लागल्या. "वहिनी, मेंदू दिवसभर राबतो, त्यातून अॅडेनोसीन नावाचं रसायन साचत जातं. ते आपल्या खुर्च्यांवर जाऊन बसलं की झोप येते. झोपलं की ते निघून जातं. तू त्याला जाऊच दिलं नाहीस."

"मी चहा पीत होते की."

"चहा त्याला घालवत नाही गं. चहा येतो आणि त्याच्या खुर्च्या अडवून बसतो. ते बिचारं दाराबाहेर उभं. तुला वाटतं झोप गेली. गेली कुठं, बाहेर गर्दी वाढतेय! चहा उठला की सगळे एकदम आत."

"पण मला सवय झाली होती. नंतर पेंग येत नव्हती."

"सवय झाली असं वाटतं. पहिले काही दिवस आपण पेंगतोय हे कळतं. मग ते कळणंच पेंगायला लागतं. डोळे उघडे, हात चालू, आणि मेंदू दोन-चार क्षण बंद. बंद झाला होता याची आठवणसुद्धा राहत नाही, कारण ठेवणाराच हजर नसतो."

टकलू मघापासून मान पुढे काढून ऐकत होता. तो म्हणाला, "आमच्या घरी असं जेवणानंतर रोज होतं."

"तुमचं वेगळं, ते घोरणं," वन्सं म्हणाल्या आणि पुन्हा वहिनीकडे वळल्या. "पेंग येत होती तेव्हा तू काय करत होतीस?"

"घाबरून तीनदा मोजत होते."

"मग ते दिवस सुरक्षित असणार. मला सांग, तुला सगळ्यांत छान कधी वाटलं?"

हा प्रश्न मावशीला कोणी मारल्यासारखा लागला.

"अख्खी रात्र जागलं ना, की दुसऱ्या दिवशी कुणाकुणाला उगाच हलकं, आनंदी वाटतं. डोपामीन म्हणून एक रसायन आहे, उमेद देणारं. गाडी बंद पडू नये म्हणून मेंदू त्याचा जोर वाढवतो, असं आम्हाला शिकवलं होतं. त्या भरात सगळंच गोड दिसतं, चूकसुद्धा. आम्ही रात्रपाळीला पहाटे फिदीफिदी हसायचो, आणि नेमक्या त्या वेळी मोठ्या सिस्टरचा हुकूम असायचा, बाटलीवरचं नाव दुसरीकडून वाचून घ्या."

तेवढ्यात भांडारकाकांनी कपाळावर हात मारला. "मावशी! फीत मागायला आलात तेव्हा तुम्ही गात होतात! माझी नक्कल पण केलीत, तोंडावर!"

"बुधवार," टकलू म्हणाला. आता कोणी हसले नाही. "सहा घातल्या तो दिवस. आणि खिळे मीच पाहिले, साहेब. सात होत्या. नवी धरून सात."

बुधवार! मावशीला तो दिवस आपल्या सव्वीस वर्षांवर ठेवलेल्या फुलासारखा वाटला होता. पेंगण्याच्या दिवसांवर कोणी बोट ठेवले असते तर तिने मान डोलावली असती. पण आपल्या सुखाच्या दिवसावर संशय घ्यायचा, याला छाती लागते. ती तिच्यापाशी होती.

"बुधवारच्या सहा पहिल्यांदा उघडा," ती म्हणाली, "पण तिथं फीत सापडली तरी थांबू नका. अठ्ठावन्नच्या अठ्ठावन्न उघडा. ज्या डोक्यानं एक चूक केली, ते 'एकच केली' म्हणून सांगतंय, त्याच्यावर विश्वास काय ठेवायचा? उद्याच्या अठरा जणांना दुसऱ्यांच्या हातच्या छत्र्या द्या."

"ठीक आहे," साहेब म्हणाले. "आपण सगळे मिळून बसू. मावशी, तुमचा हात सगळ्यांत चपळ, तुम्ही..."

"मी नाही."

"काय?"

"या डोळ्यांनी नाही, साहेब. चूक करणाऱ्यालाच तपासायला बसवता? माझ्या कार्डांवरच्या सह्या कापा. मी घरी जाऊन झोपते."

खोलीत क्षणभर नुसत्या छत्र्या सळसळल्या. सव्वीस वर्षांत घडीमावशी कामाच्या वेळी घरी गेली नव्हती; आणि आज, तिच्या सहीचा न्याय होत असताना, ती झोपायला निघाली होती. कुणाला वाटेल, पळाली. अहो, पळणे सोपे असते! तिथे बसून, घाम गाळून, रडून, सगळ्यांची दया मिळवणेही सोपे होते. आपल्यावाचून काम होऊ देणे आणि उशीवर डोके टेकणे, हीच त्या दिवशीची तपश्चर्या होती. लेकराने आईच्या कुशीत शिरावे तसे देहाने झोपेत शिरावे, हा देवाचा नेम. आणि आम्ही शहाणे त्या नेमाला आळस म्हणतो!

घरी वन्संनी पाळण्याचा ताबा घेतला. "पुढच्या आठ रात्री माझ्या. नंतर दादाच्या."

"माझ्या?" यजमान दचकले. "मला बाळाचं काय कळतं?"

"वजन कळतं ना? मग उचल."

मावशी उन्हे असतानाच आडवी झाली. आधी वाटले, अठ्ठावन्न पिशव्या छातीवर ठेवून झोप कशी येणार? पण दाराबाहेर उभी असलेली ती गर्दी एकदम आत आली आणि आपापल्या खुर्च्यांवर बसली. मावशी झोपली ती चौदा तास.

सकाळी साहेब स्वतः दारात. डोळे तारवटलेले, पण पाठ ताठ. मूठ उघडली. तळहातावर लाल फीत.

"बुधवारची सहावी पिशवी," ते म्हणाले. "छत्रीच्या तोंडाला. गाठ अगदी सुबक होती, मावशी."

मावशीने फीत हातात घेतली. तिचे ओठ हलले. आज ती मोजत नव्हती.

"आणि बाकीच्या?"

"सत्तावन्न स्वच्छ. पेंगण्याच्या दिवसांतल्या तर नमुन्याला ठेवाव्यात अशा. आज अठरांपैकी अकरा जणांच्या पाठीवर तुमच्याच पिशव्या जायच्या होत्या. ही त्यांतलीच एक. अहवाल लिहावा लागेल. तुमचं नाव येईल."

"येऊ द्या. वेळही लिहा, किती रात्री झोपले नव्हते तेही लिहा. नाहीतर वाचणारा म्हणेल, बाई निष्काळजी होती. निष्काळजी नव्हते मी. खुशीत होते."

पंधरा दिवस तिला टेबलापासून दूर ठेवले. तिने तक्रार केली नाही. मनोऱ्यात छत्र्या वाळत घातल्या, वाळूच्या पिशव्या शिवल्या, आणि रात्री आठ-आठ तास झोपली. चहा पुन्हा दोन कपांवर आला. यजमानांवर कडाडणे थांबले, उलट एक दिवस तेच म्हणाले, "घर फार शांत झालंय, तब्येत बरी आहे ना?" परतल्यावर तिने पहिल्यांदा भिंतीवर आठवा खिळा ठोकला. त्याला फीत नाही, पाटी. सकाळी येताना प्रत्येकाने आदल्या रात्रीच्या झोपेचा आकडा तिथे खडूने लिहायचा. पाचाच्या खाली आकडा असेल त्याने त्या दिवशी घडी घालायची नाही, वाळूच्या पिशव्या भरायच्या. टकलूने कुरकुर केली, "आणि कुणी खोटं लिहिलं तर?"

"तर तो फार गोड बोलेल," मावशी म्हणाली. "कोणी कारणाशिवाय गात आला की मला सांगा."

वार्षिक उडीचा दिवस आला. कोणती छत्री घेणार, असे साहेबांनी विचारले. कपाटात नव्या-जुन्या पुष्कळ होत्या. तिने तीच घेतली, जिचे तोंड बांधलेले निघाले होते. पुन्हा चोवीस पाकळ्या, पुन्हा सात फिती. "सात!" "सात पाहिल्या!" आणि कार्डावर नवी सही.

उडीच्या आदल्या रात्री त्या घरात कोणाचा डोळा लागला नाही. लेक कूस बदलत राहिली. यजमान तर दर घटकेला उठून बघत, बायको खरेच झोपली आहे की नुसती पडली आहे. ती घोरत होती. दोन्ही पाळ्याही, काय नवल, तिच्यासारख्याच शांत निजल्या होत्या.

सकाळी ती अंघोळ करून, केस घट्ट बांधून निघाली. दारात यजमान उभे, डोळे लाल, हातात शिक्क्यांची पेटी. त्यांनाही कचेरी होतीच. काही बोलायला त्यांनी तोंड उघडले आणि जांभईच आली.

"अहो," मावशी पाठपिशवीचा पट्टा खांद्यावर घेत म्हणाली, "माझी काळजी करू नका, मी नीट झोपलेय. तुम्ही मात्र आज एकाही काट्यावर शिक्का मारू नका."